नाडा, पाचर, पट्टा : शिवडी ते वरळी

वाहनावर ठेवलेला भार वाहनाचा भाग होत नाही. ब्रेक लागला की तो पुढे सरकू पाहतो, गाडी सुटली की मागे राहू पाहतो, वळणावर बाहेरच्या अंगाला कलतो आणि चाक खड्ड्यात आदळले की वर उडतो. भार बांधायचा तो या हालचाली सुरूच होऊ नयेत म्हणून. बोटभर मोकळीक मिळालेले ओझे तेवढ्या अंतरातही वेग घेते, आणि मग दोरीला वजन नव्हे, हिसका सोसावा लागतो. ट्रेलरवर चढवलेली जीप, बैलगाडीवर रचलेल्या कापसाच्या गासड्या आणि ट्रॉलीवरची वीस फुटी गणेशमूर्ती या तिन्हींना नियम हाच. अमेरिकेतील मालवाहतुकीच्या नियमांनी हा जोर आकड्यांत बांधून दिला आहे. बांधणीने पुढच्या दिशेला भाराच्या वजनाच्या ०.८ पट आणि मागे व दोन्ही बाजूंना ०.५ पट जोर सोसला पाहिजे. म्हणजे दोन टनांची जीप पुढे पळू नये यासाठी १६०० किलोंचा रेटा अडवावा लागतो.

शिवडीच्या कापूसगोदामांपासून वरळीच्या बीडीडी चाळींपर्यंतचे अंतर जेमतेम साडेचार-पाच किलोमीटर. त्याला लागून माझगावची गोदी, मध्ये परळ-लालबागच्या गिरण्या आणि मूर्तिकारांचे कारखाने. शंभर वर्षांत या पट्ट्यातून बैलगाडी, हातगाडी, ट्रक, ट्रॉली आणि टेम्पो यांवरून हरतऱ्हेचा भार गेला, आणि तो बांधणारे हात बहुधा याच पट्ट्यातल्या चाळींतून आले.

या कामाचे मराठी शब्द मात्र शहराचे नाहीत, बैलगाडीचे आहेत. गाडीला आख एकच. भार आखाच्या पुढे जास्त झाला तर गाडी ‘धुरेजड’ होते आणि जू बैलांच्या मानेवर रुतते. मागे जास्त झाला तर गाडी ‘उलाळ’ होते, धुरा वर उचलली जाते आणि बैलांचे गळे आवळतात. जाणता गाडीवान गाडी किंचित धुरेजड ठेवतो. मोटारीमागे जोडल्या जाणाऱ्या ट्रेलरचे गणितही तेच आहे. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या टोकावर, पडला पाहिजे. तो त्याहून कमी झाला आणि वजन मागे गेले की ट्रेलर उलाळ होतो, ओढणाऱ्या गाडीची मागची चाके हलकी पडतात आणि वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डुलू लागतो. ट्रेलरवर चढवलेली जीप हातभर पुढे की हातभर मागे, याला म्हणून महत्त्व. जीपचे इंजिन पुढे असल्याने ती तोंड पुढे करून चढवली तर जड बाजू जोडाकडे राहते. उलट्या तोंडाने चढवली तर तीच जीप ट्रेलरला उलाळ करू शकते.

बांधण्याच्या साधनांचीही अशीच जुनी घराणी आहेत. नाडा हा जाड दोर, मोटेला आणि गाडीच्या ओझ्याला चालणारा. सुंभ काथ्याचा, दोर अंबाडीचे किंवा तागाचे. निरगाठ भाराखाली पक्की होते, पण सोडवताना नखे मोडतात. सुरगाठ एका ओढीत सुटते. दिवसाला दहा खेपा करणाऱ्याला दोन्हीचे गुण एकाच गाठीत हवे असतात, म्हणून गाडीवानाची शेवटची गाठ निरगाठीसारखी धरणारी पण टोक ओढताच मोकळी होणारी असते. आवळण्यासाठी दोराच्या दोन पदरांत दांडके घालून पीळ देत जायचे आणि दांडके दुसऱ्या दोराखाली अडकवायचे. आजचा रॅचेट पट्टा हेच काम दातेरी चक्राने करतो. फरक इतकाच की दांडके निसटले तर उलटे फिरून हाताचे हाड मोडू शकते, आणि चक्राचा दाता तसे होऊ देत नाही. सरकू पाहणाऱ्या चाकापुढे किंवा खोक्यापुढे ठोकायची ती पाचर. दोर वरून दाबतो, पाचर खालून अडवते. यांपैकी एकावर भिस्त ठेवणारा बांधणारा कच्चा समजावा.

मुंबईच्या मध्यभागात ही विद्या सर्वांत जास्त राबवली ती कापसाने. दाबून बांधलेली गासडी ३९२ पौंडांची, म्हणजे सुमारे १७८ किलोंची. लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली ही गासडी हाच मुळात बांधणीचा नमुना. प्रेसमध्ये कापूस चेपून, तो फुगण्याआधी पट्टी अडकवायची. पट्टी सुटली तर आतला कापूस उसळून बाहेर येतो. कुलाब्याचा कापसाचा व्यवहार १९२०च्या दशकात शिवडीजवळच्या कॉटन ग्रीनला हलला आणि तेथून गिरण्यांकडे गासड्यांच्या गाड्यांची रीघ लागली. गासडीला सपाट बाजू असतात, ती गोल फिरत नाही आणि एकमेकींवर चांगली बसते. म्हणून गासड्या रचताना विटांच्या भिंतीप्रमाणे सांधे चुकवून रचतात आणि वरून एकच आडवा दोर टाकला तरी पुरतो. रचणी चांगली असेल तर बांधणी थोडी लागते, ही हमालांची समजूत अनुभवाची आहे.

बीडीडी चाळींचा जन्मही या गासडीशी जोडलेला आहे. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली, मुंबई सरकारने विकास खाते काढले. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे म्हणजे बीडीडी. गिरणी कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा या खात्याचा इरादा होता आणि पैशाची एक वाट म्हणून मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर १ रुपया नगरशुल्क बसवले गेले. प्रत्यक्षात उभ्या राहिल्या २०७ इमारती: वरळीत १२१, नायगावात ४२, डिलाईल रोडला (आजचा ना. म. जोशी मार्ग) ३२ आणि शिवडीत १२. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. मधोमध बोळ, दोन्ही हातांना दहा-दहा खोल्या, मजल्यावर सामाईक संडास. सिमेंट काँक्रीटच्या या इमारती उन्हाळ्यात तापत, भाडे कामगारांना जड जाई आणि वरळी तेव्हा गिरण्यांपासून आडबाजूला होती. कित्येक खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या पडल्या. १९३०च्या सविनय कायदेभंगात सरकारने वरळीच्या चाळींत तात्पुरता तुरुंग थाटला. कामगारांसाठी बांधलेल्या घरांचे पहिले गजबजलेले दिवस सत्याग्रही कैद्यांमुळे आले, हा इतिहासाचा तिरकस विनोद आहे.

पुढे चाळी भरल्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे चाकरमानी, सातारा-कोल्हापूरकडचे घाटी, दलित वस्तीतली कुटुंबे, पोलीस आणि सरकारी नोकर. गोदीत, बाजारात आणि गिरणीच्या गोदामात ओझी वाहणारे माथाडी याच समाजातून आले. डोक्यावर, म्हणजे माथ्यावर, भार वाहणारा तो माथाडी. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. या कायद्याखालच्या मंडळांमुळे ओझे उचलणाऱ्याची नोंद होऊ लागली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली.

चाळीतल्या माणसाचा स्वतःचा संसार हलायचा तो हातगाडीवरून. मुंबईची हातगाडी म्हणजे लांब लाकडी पाट, दोन चाके आणि एक आख. बैलगाडीच, पण बैलांच्या जागी माणसे. ट्रंका आणि धान्याचे डबे आखावर, त्यापुढे पाटा-वरवंटा, कडेला उभी केलेली खाट, वर वळकट्या, आणि हंडे-कळशा एकात एक घालून सर्वांत शेवटी. पुढे दांडी धरणाऱ्याच्या हातात थोडे वजन उतरले पाहिजे. ते उतरले नाही तर चढावर गाडी उलाळ होऊन त्यालाच हवेत उचलते. उतारावर उलट. तेव्हा मागून दोर धरून गाडीला आवरणारा दुसरा माणूस लागतो. करी रोडच्या किंवा एल्फिन्स्टनच्या पुलाच्या उतारावर असे दोर धरलेले हमाल मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनी पाहिले.

१९४०च्या दशकात माझगावात एक नवे वाहन आकाराला येत होते. दुसऱ्या महायुद्धात नावाजलेली विलीज जीप सुट्या भागांच्या खोक्यांतून बोटीने मुंबईत येई आणि १९४५ साली स्थापन झालेली महिंद्र अँड महंमद, म्हणजे नंतरची महिंद्र अँड महिंद्र, ती माझगावात जोडून विकू लागली. १९५०च्या दशकात उत्पादन कांदिवलीला गेले. खोक्यातली जीप बांधायला सोपी, कारण खोके गासडीसारखे वागते. जोडून उभी केलेली जीप मात्र भार म्हणून अवघड, आणि त्याचे कारण तिच्या पाट्यांत आहे.

जीपचा सांगाडा पाट्यांच्या स्प्रिंगवर बसलेला असतो. दोर बंपरला किंवा सांगाड्याला बांधून आवळला तर उभ्या गाडीवर तो ताठ दिसतो. रस्त्यात खड्डा आला की सांगाडा खाली दबतो, दोर क्षणभर सैल पडतो, आकडा कडीतून निसटतो, आणि सांगाडा वर येतो तेव्हा त्याला धरायला काही उरलेले नसते. यावर दोन उपाय. एक, सांगाडा इतका खाली ओढायचा की स्प्रिंगला दबायला जागाच राहू नये. याने स्प्रिंग आणि पट्टे दोन्ही शिणतात. दुसरा, सांगाड्याला हातच न लावता आख बांधायचा, कारण आख चाकाबरोबर राहतो, वरचे अंग कितीही नाचो. जुन्या जीपला पुढे-मागे अखंड आख असल्याने साखळी टाकायला ती फार सोयीची. हल्लीच्या बहुतेक एसयूव्हींना पुढे तसा आख नसतो. म्हणून थेट टायरवरून घट्ट बसणारा पट्टा आला. तो चाकालाच ट्रेलरच्या फळीवर दाबून धरतो. चार कोपऱ्यांचे चार पट्टे सरळ न नेता एकमेकांना छेदतील असे तिरपे नेले तर ते पुढे-मागेही धरतात आणि बाजूलाही. चाकांपुढे-मागे पाचरी, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये. अमेरिकेचे नियम १०,००० पौंडांपर्यंतच्या मोटारीला पुढे आणि मागे मिळून किमान २ बांध मागतात. जीपसारखी उंच आणि आखूड गाडी ४ बांधांशिवाय न्यायची नाही, हा शहाणपणाचा भाग झाला.

ओढणारे आणि बांधणारे यांची खरी कसोटी लागते ती मात्र स्प्रिंग नसलेल्या, नाजूक, उंच आणि कोठेही दोर टाकता न येणाऱ्या भारावर. तो भार म्हणजे सार्वजनिक गणपती.

१८९३ साली गिरगावच्या केशवजी नाईकांच्या चाळीत सुरू झालेल्या सार्वजनिक उत्सवाची मूर्ती दोन हातांत मावण्याजोगी होती, आणि पुढची कित्येक दशके बहुतेक मंडळांचे गणपती डोक्यावरून, पालखीतून किंवा हातगाडीवरून येत-जात. चिंचपोकळीचा उत्सव १९२०चा, गणेशगल्लीचा १९२८चा, लालबागच्या राजाचा १९३४चा. घरगुती गणपतीची बांधणी आजही तीच आहे: पाट, पाटावर मूर्ती, तोंडावर रुमाल, आणि पाट धरणाऱ्याचे दोन हात. बीडीडी चाळीच्या जिन्यावरून तिसऱ्या मजल्यावर मूर्ती नेताना पुढचा माणूस मागे तोंड करून चढतो, वाकड्या वळणावर पाट तिरपा न होऊ देता. येथे दोरीचे काम माणसाच्या मनगटाने होते.

उंची वाढली तशी अडचण आली. १९७७ साली गणेशगल्लीत मूर्तिकार दीनानाथ वेलिंग यांनी २२ फुटांची मूर्ती उभारली आणि उंच गणपतींची चढाओढ सुरू झाली. २००० साली गिरगावात खेतवाडीच्या १२व्या गल्लीत ४० फुटांची मूर्ती बसली. अशा मूर्ती मंडपातच घडवल्या की आणण्याचा प्रश्न मिटतो, नेण्याचा उरतो. गणेशगल्ली आणि लालबागचा राजा यांची रीत हीच. पण बाकीच्या शेकडो मंडळांच्या मूर्ती परळ-लालबागच्या कारखान्यांत होतात. विजय खातूंच्या (निधन २०१७) कारखान्याने तर परळला या कामाचे नावच मिळवून दिले. त्या मूर्तींना येणे आणि जाणे दोन्ही प्रवास घडतात. चिंचपोकळीच्या चिंतामणीचा आगमन सोहळा विसर्जनाइतकाच गर्दीचा झाला, तो या पहिल्या प्रवासाचाच झालेला उत्सव आहे.

उंच मूर्तीसाठी ट्रक गैरसोयीचा. त्याचा पाट जमिनीपासून चार फूट वर असतो, म्हणजे वीस फुटांची मूर्ती चोवीस फुटांवर जाते आणि सगळा तोल वर सरकतो. म्हणून ट्रॉली. लोखंडी चॅनेलची जमिनीलगत ठेवलेली चौकट, खाली ट्रकचे जुने आख आणि टायर, पुढे वळवण्यासाठी दांडी. स्प्रिंग बहुधा नसतात आणि ते बरेच असते. मूर्ती ताशी तीन-चार किलोमीटरने जाते, माणसाच्या चालीने, तेव्हा धक्के थोडे. डुलणे मात्र अजिबात चालत नाही. जीपला स्प्रिंग असतात म्हणून ती बांधायला अवघड. येथे स्प्रिंग काढूनच टाकलेले.

मूर्तीला जीपसारखा दोर आवळता येत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ कवचासारखा थर, त्याला बळकटी म्हणून आत काथ्या, आणि मधे लाकडी किंवा लोखंडी सांगाडा, अशी तिची रचना. खांद्यावरून पट्टा टाकला तर रंग उडतो आणि कडा ढासळतात. हात किंवा सोंडेला बांधणे तर प्रश्नच नाही. म्हणून बांधायचे ते दिसणाऱ्या गणपतीला नव्हे, तर आतल्या सांगाड्याला आणि बैठकीला. सांगाड्याचे खालचे वासे बैठकीतून बाहेर काढलेले असतात. ते ट्रॉलीच्या चौकटीला तारेने, बोल्टने किंवा दोराने जखडतात. पाठीमागून दोन-तीन टेकू देतात, त्यांची वरची टोके पाठीत लपलेल्या आडव्या लाकडावर टेकतात आणि मधे गोणपाट किंवा फोम घालतात. बैठकीच्या कडेने पाचरी ठोकतात. समोरून पाहणाऱ्याला यातले काही दिसत नाही. दिसता कामा नये, हीच या बांधणीची अट. शाडूची मूर्ती जड आणि ठिसूळ, त्यामुळे इतक्या उंचीला ती सहसा जातच नाही. प्लास्टर हलके असल्यानेच उंची परवडते, आणि हलकेपणामुळेच मूर्ती वाऱ्याला धरते. मोकळ्या पुलावर पाठीची मोठी प्रभावळ शिडासारखी वागते.

भाद्रपद म्हणजे पाऊस. अंबाडीचा किंवा तागाचा दोर भिजला की फुगतो, लांबीला आखडतो आणि आपोआप आवळला जातो. वाळला की सैल पडतो. नायलॉनचे उलट. तो मुळातच ताणला जातो आणि भिजल्यावर आणखी ढिला होतो. जुन्या हाताचा माणूस पावसाची सर येऊन गेली की ट्रॉलीभोवती फेरी मारून प्रत्येक दोरावर तळहात दाबून पाहतो. पॉलिएस्टरचा पट्टा फारसा ताणत नाही, म्हणून हल्ली तोच पसंत केला जातो.

परळच्या कारखान्यातून वरळीला यायचे म्हणजे मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वेमार्गांवरून पलीकडे जायचे. एल्फिन्स्टनचा पूल दोन्ही मार्ग एकदम ओलांडून देई. करी रोडच्या पुलाने गेले तर पुढे लोअर परळला डिलाईल पुलाची दुसरी चढण लागते. हा डिलाईल पूल जुलै २०१८ मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पूर्ण खुला झाला. मधली पाच वर्षे मंडळांना वाट वाकडी करावी लागली. जुन्या पुलांवर आता उंचीपेक्षा वजनाचा विचार आधी करावा लागतो. चिंचपोकळी, करी रोड, भायखळा अशा पुलांवरून एका वेळी १६ टनांपेक्षा जास्त भार जाऊ देऊ नका, पुलावर थांबू नका, नाचू नका, अशा सूचना उत्सवाआधी दिल्या जातात. नाचण्याची मनाई गमतीची वाटते, पण पुलासाठी एका तालात उड्या मारणारे पाचशे पाय हा स्वतंत्र भारच असतो. १९१३ सालचा एल्फिन्स्टन पूल वरळी-शिवडी उन्नत मार्गासाठी पाडायचा ठरला. रहिवाशांच्या विरोधामुळे काम लांबले आणि पूल अखेर १२ सप्टेंबर २०२५ला, गणपती होऊन गेल्यावर, बंद झाला.

चढणीवर ट्रॉलीला पुढून दोर आणि मागून खांदे लागतात, उतरणीवर नेमके उलटे. पुढचा दोर सैल सोडतात आणि मागचा दोर शेपन्नास माणसे धरून ठेवतात. चाकाबरोबर चालणाऱ्या दोघांच्या हातात लाकडी ठोकळे असतात. गर्दीने ट्रॉली थांबली की ठोकळा चाकाखाली सरकवायचा, शिट्टी झाली की ओढून घ्यायचा. हे काम करणाऱ्याचा फोटो कोणी काढत नाही, तरी सबंध मिरवणुकीत मूर्तीचा जीव त्याच्या हातात असतो. २०२० साली करोनामुळे सार्वजनिक मूर्तीला ४ फुटांची मर्यादा आली. त्या वर्षी मूर्ती टेम्पोतून आल्या आणि ट्रॉल्या जागेवर उभ्या राहून गंजल्या.

चौपाटीवर ट्रॉलीचे चाक वाळूत रुतू नये म्हणून महापालिका लोखंडी पत्रे अंथरते. त्यापुढे मूर्ती तराफ्यावर चढते आणि बांधणीचे सगळे गणित बदलते. जमिनीवर भाराला खाली दाबून ठेवायचे. पाण्यात पाणीच त्याला उचलते. ६ सप्टेंबर २०२५च्या अनंत चतुर्दशीला निघालेला लालबागचा राजा दुसऱ्या दिवशी सकाळी गिरगाव चौपाटीवर पोहोचला, पण भरतीमुळे मूर्ती नव्या यांत्रिक तराफ्यावर चढेना. तराफा लाटांवर वर-खाली होत होता आणि ट्रॉलीची चाके तळाला टेकलेली. हलता पाट आणि स्थिर पाट यांची पातळी जुळल्याशिवाय भार सरकवता येत नाही, हे गोदीतल्या हमालाला नवे नाही. भरती-ओहोटीची वेळ साधून विसर्जन झाले तेव्हा रात्रीचे सुमारे नऊ वाजले होते.

त्याच ऋतूत वरळीला दुसरी हलवाहलव चालू होती. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे काम म्हाडाकडे आहे. वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या १४ ऑगस्ट २०२५ला रहिवाशांना दिल्या गेल्या आणि २७ तारखेच्या गणेश चतुर्थीला १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत गेलेल्या कुटुंबांना नव्या घरात गणपती बसवता आला. सामान हलवायला आता हातगाडी नव्हे, टेम्पो. लोखंडी कपाट उभेच चढवायचे, दार आतल्या बाजूला, पाठ टेम्पोच्या फळीला. दाराला सुतळी, कारण वळणावर दार उघडले की आधी तेच मोडते. फ्रिज उभा. गादी मधे कोंबली की ती दोघांमधली पाचर होते. माणसे जिन्याऐवजी लिफ्टची लांबी मोजत होती.

आणि ज्यांना गणपतीला गावीच जायचे, त्यांच्यासाठी कोकण रेल्वेने २३ ऑगस्ट २०२५पासून मोटारींची रो-रो सेवा सुरू केली. ट्रकांची रो-रो कोकण रेल्वेवर कोलाड ते वेर्णा अशी १९९९च्या जानेवारीपासूनच धावते. मालाने भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर एकामागोमाग चढतात, चालक आपापल्या केबिनमध्येच झोपतात. २०२५ साली मोटारींच्या गाडीत २० वाघिणी होत्या, प्रत्येकीवर २ मोटारी, भाडे ७,८७५ रुपये, प्रवास सुमारे १२ तासांचा. माणसांनी मात्र मोटारीत न बसता जोडलेल्या डब्यात बसायचे. मोटार स्वतःच्या चाकांनी वाघिणीवर चढते, मग ब्रेक, पाचर आणि चाकाला बांध. रुळांवर खड्डे नसतात. तेथे डब्यांचा पुढे-मागे बसणारा झटका आणि लांब वळणावरचा बाजूचा रेटा एवढेच सांभाळायचे, त्यामुळे बांधणी ट्रेलरपेक्षा सोपी.

पहिल्या हंगामात प्रतिसाद थंड राहिला. मागणीवरून सिंधुदुर्गात नांदगावलाही थांबा दिला गेला. वरळीच्या चाकरमान्याला मात्र मोटार बांधून घेण्यासाठी आधी कोलाडपर्यंत, म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, ती मुंबई-गोवा महामार्गावरून चालवत न्यावी लागे. त्या महामार्गाचे खड्डे चुकवण्यासाठीच तर ती गाडीवर चढवायची होती.